नाटकाची नाव आमच्या घाटाला का लागली नाही

शिरोळ तालुक्यातल्या आमच्या घरात एक गोष्ट दर वर्षी दत्तजयंतीच्या आगेमागे सांगितली जात असे. आज्जा ती सांगत असे आणि आजी चुलीपुढे बसल्या जागेवरून ती दुरुस्त करीत असे. नृसिंहवाडीची यात्रा उरकून तमाशाचा एक फड कृष्णा ओलांडून औरवाडच्या अंगाला निघाला होता. पलीकडच्या कुठल्याशा गावाने दुसऱ्या रात्रीची सुपारी दिली होती. नावेत बारा-चौदा माणसे, पेटारे, ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि दोन गॅसबत्त्या, असा सगळा संसार होता. दिवस मावळता मावळता नाव पात्राच्या मधोमध वाळूच्या उंचवट्यावर चढून बसली. आंबी, म्हणजे आमच्याकडचा नावाडी, आधी बांबूने रेटून थकला, मग वल्ही उलटी मारून थकला आणि शेवटी माणसे आणायला छातीभर पाण्यातून घाटाकडे गेला. थंडी वाजू लागली तशी फडातल्या माणसांनी बत्ती पेटवली, ढोलकीवाल्याने दोऱ्या ओढून ढोलकी चढवली आणि कोणीतरी एक गौळण धरली. वाडीच्या घाटावरची आणि औरवाडच्या थडीवरची माणसे होती तिथेच बसून राहिली. आज्जाच्या हिशेबाने हा खेळ दोन तास चालला. आजीच्या हिशेबाने गौळणबिळण काही झाली नाही, नुसती ढोलकी वाजली, आणि तीही दवाने गार पडलेली, बद्द बद्द.

दोघांपैकी कोणाचे खरे होते, याचा छडा लावायच्या फंदात मी कधी पडलो नाही. पण नदीच्या मधोमध उजेडात कलावंत आणि दोन्ही काठांवर अंधारात प्रेक्षक, हे चित्र लहानपणापासून माझ्या डोक्यात पक्के बसले होते. आमच्याकडे एका रात्री, तेही नाव रुतल्यामुळे, जे घडले म्हणतात, ते जगात दुसरीकडे शंभर वर्षे रीतसर धंदा म्हणून चालले होते, हे मला उतारवयात कळले.

पुतण्या पिट्सबर्गला नोकरी करतो. त्याच्याकडे गेलो असताना तो मला दोन नद्यांचा संगम दाखवायला घेऊन गेला. ॲलेगेनी आणि मोनोंगाहेला या दोन नद्या तिथे एकत्र येतात आणि पुढच्या प्रवाहाला ओहायो हे नाव मिळते. आपल्या प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती मिळून पंचगंगा होते (पाचवी सरस्वती आपण श्रद्धेने मोजतो), तसाच हा प्रकार. फरक आहे तो पुढच्या वाटेचा. पंचगंगा तिथून जेमतेम ८० किलोमीटर वाहते आणि नृसिंहवाडीला कृष्णेत आपले नाव सोडून देते. ओहायो सुमारे १,५८० किलोमीटर वाहून मिसिसिपीला मिळते, आणि मिसिसिपीवरून तसेच खाली गेले की न्यू ऑर्लिन्स येते. संगमावर उभे राहून पुतण्याने सहज म्हणून सांगितले, "काका, इथून पूर्वी नाटकाच्या बोटी निघायच्या." त्या संध्याकाळी माझे बाकीचे पर्यटन संपले.

इंग्रजीत या बोटीला शोबोट म्हणतात. मराठीत तिला काय म्हणावे याचा मी बराच विचार केला. 'रंगनौका' हा शब्द सुचला, पण त्याला परीटघडीचा वास येतो. आज्जा असता तर सरळ 'नाटकाची नाव' म्हणाला असता, म्हणून मीही तेच म्हणतो.

पहिली ठरवून बांधलेली नाटकाची नाव १८३१ साली पिट्सबर्गहून निघाली. विल्यम चॅपमन नावाचा इंग्लंडहून आलेला नट तिचा मालक होता आणि कंपनी म्हणजे बहुतांशी त्याचेच कुटुंब. सपाट तळाचा एक मोठा तराफा, त्यावर लाकडी घर, घराच्या एका टोकाला छोटा रंगमंच, समोर बाके. इंजिन नाही, शीड नाही. नदी नेईल तसे खाली जायचे, वस्ती दिसली की काठाला दोर टाकायचा, तुतारी फुंकून लोकांना कळवायचे आणि रात्री खेळ करायचा. ज्याच्याकडे रोकड असेल त्याने पैसे द्यावेत, नसेल त्याने बटाटे किंवा खारवलेले मांस द्यावे आणि आत बसावे. हे वाचताना मला नदी ओलांडायच्या आमच्या तरीवरचा व्यवहार आठवला. गावचा माणूस नावाड्याला दर खेपेला पैसे देत नसे. सुगीला खळ्यावर त्याचा वाटा ठरलेला असे, आणि वर्षभर नदी ओलांडणे त्यात मिटलेले असे. ज्वारीच्या पाटीवर नदी पार करणारी माणसे आणि बटाट्याच्या पाटीवर नाटक पाहणारी माणसे एकमेकांना चांगली ओळखू आली असती.

चॅपमनच्या नावेचा शेवट दर वर्षी एकच असे. न्यू ऑर्लिन्सला पोहोचले की ती लाकडाच्या भावाने विकून टाकायची, कारण प्रवाहाच्या उलट ती परत आणणे शक्यच नव्हते. मंडळी वाफेच्या बोटीने तिकीट काढून पिट्सबर्गला परत येत आणि पुढच्या हंगामाला नवी नाव बांधत. काही वर्षांनी त्याने वाफेची बोट घेतली आणि हा वार्षिक मोडतोडीचा कार्यक्रम थांबला.

पुढे या धंद्याने जे रूप घेतले ते फार हुशारीचे होते. नाटकगृहाच्या तराफ्यात सहसा इंजिन बसवत नसत. मागे एक लहान वाफेची बोट असे आणि ती तराफ्याला ओढण्याऐवजी ढकलत नेत असे. त्यामुळे इंजिनाचा धडधडाट, कोळसा आणि स्वयंपाकघर मागच्या बोटीवर राहत आणि तराफ्याची जवळजवळ सगळी जागा प्रेक्षागृहाला मिळे. नटांच्या खोल्या रंगमंचाच्या मागे किंवा वर. एका गावाला एक रात्र, पहाटे दोर सोडायचा, दुपारपर्यंत पुढचे गाव. नाटके अश्रू काढणारी, दारूचे दुष्परिणाम सांगणारी, खलनायकाला शेवटी शासन करणारी. दोन अंकांच्या मध्ये गाणी, नकला आणि मिठाईच्या पुड्यांची विक्री, ज्यातल्या काही पुड्यांत बक्षीस दडवलेले असे. हंगाम पिकावर ठरे. कापूस विकला गेला की नाव कापसाच्या मुलखात, कोळशाच्या खाणींचा पगार झाला की नाव त्या काठाला. उसाचे बिल कधी निघते यावर आमच्याकडच्या यात्रांची वर्गणी ठरते, तसेच हे.

आणि आवाज. १८५५ साली जोशुआ स्टॉडर्ड याने कॅलायपी नावाच्या वाद्याचे पेटंट घेतले. बॉयलरची वाफ पितळी शिट्ट्यांतून सोडायची आणि पेटीसारख्या पट्ट्यांनी त्या शिट्ट्या वाजवायच्या. वाफेच्या उष्णतेने सूर हलतातच, त्यामुळे ते कधी पूर्ण सुरेल वाजत नाही. पण नदीच्या वळणापलीकडून ते काही मैलांवर ऐकू जाई आणि शेतातला माणूस औत सोडून निघे. ध्वनिमुद्रण मी ऐकले आहे. आपल्या बँडवाल्याने रेल्वेच्या इंजिनावर बसून वरातीचे गाणे वाजवावे, तसे काहीसे ते वाटते, आणि मला ते मनापासून आवडले.

या सगळ्याला गोड रंग देऊन मोकळे होणे सोपे आहे, आणि अमेरिकेतही ते पुष्कळांनी केले आहे. १९२६ साली एका कादंबरीने आणि १९२७ साली तिच्यावरून झालेल्या संगीत नाटकाने मिसिसिपीवरच्या नाटकाच्या नावा जगभर पोहोचवल्या. गंमत अशी, की लेखिका जिच्यावर काही दिवस राहून साधने गोळा करून आली, ती नाव मिसिसिपीवर नव्हतीच, पूर्वेला नॉर्थ कॅरोलायनात होती. पण गोडव्याखाली जे आहे तेही पाहिले पाहिजे. १८५१ साली स्पॉल्डिंग आणि रॉजर्स या जोडीने सर्कशीचा एक तरंगता महाल बांधला. घोडे फिरतील असे रिंगण आणि सुमारे ३,४०० प्रेक्षकांची सोय. त्यातल्या वरच्या गॅलरीतल्या सुमारे ९०० जागा कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या काढलेल्या होत्या. अनेक नावांवर गोरे नट तोंडाला काजळी फासून काळ्या माणसांची टवाळी करीत, आणि तो लोकप्रिय कार्यक्रम होता. नदी सगळ्यांना सारखी, पण नावेत चढायची फळी सारखी नव्हती. आपल्याकडे ज्यांच्या कलेवर रात्र रात्र टाळ्या पडत, त्या फडातल्या माणसांना सकाळी गावातल्या विहिरीवर पाणी भरू देत नसत, हे आठवले की मला अमेरिकेकडे बोट दाखवण्याची घाई होत नाही.

१८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाने नद्यांवरचा हा धंदा बंद पाडला. १८७८ साली ए. बी. फ्रेंच या माणसाने तो पुन्हा उभा केला. त्याची बायको कॅली हिने सुकाणू धरण्याचा आणि पुढे कप्तानाचा परवाना मिळवला, आणि नाव, नट, हिशेब, सगळ्यांवर तिची नजर राहिली. फड चालवणाऱ्या बायका आपल्याला नवीन नाहीत, म्हणून मला कॅलीबाईंचे आश्चर्य वाटले नाही, ओळख वाटली.

इथपर्यंत आल्यावर मला जो प्रश्न पडला, त्याने पुढचे कित्येक महिने पिच्छा सोडला नाही. चॅपमन पिट्सबर्गहून निघाला १८३१ साली. त्यानंतर बाराच वर्षांनी, ५ नोव्हेंबर १८४३ रोजी, आमच्या कृष्णेच्या काठी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले आणि मराठी नाटक उभे राहिले. चॅपमनला नदी मिळाली तशी भाव्यांनाही नदी मिळाली होती. ती त्यांच्या अंगणातून वाहत होती. आश्रयदाते चिंतामणराव पटवर्धन १८५१ साली गेले, दरबारचा आधार सुटला आणि भाव्यांची मंडळी गावोगाव निघाली, १८५३ साली मुंबईपर्यंत पोहोचली. पण निघाली ती बैलगाड्यांतून. सांगलीच्या घाटावरून नाटकाची नाव का सुटली नाही?

पहिले उत्तर कोणीही देईल, की कृष्णा मुंबईला जात नाही. महाबळेश्वरात उगवून, समुद्र पश्चिमेला हाकेवर असताना, ती पाठ फिरवून पूर्वेला जाते. सांगलीहून नावेत बसून प्रवाहाबरोबर निघालेले मराठी नाटक दोन दिवसांत कानडी मुलखात पोहोचले असते. पैसा पुण्या-मुंबईकडे, प्रेक्षक तिकडे, आणि नदी उलट दिशेला.

दुसरे उत्तर पावसाचे आहे, आणि मला ते अधिक पटते. आमच्या नद्या चार महिने अंगावर येतात आणि चार महिने दिसेनाशा होतात. आषाढ-श्रावणात पंचगंगेत नाव घालणे म्हणजे जिवाशी खेळ, आणि धरणे नव्हती तेव्हा चैत्रात त्याच पात्रातून गाडी हाकता येई. तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि वैशाखात, बुद्धपौर्णिमेच्या सुमाराला संपतो. जोतिबाची मोठी यात्रा चैत्र पौर्णिमेची. म्हणजे जेव्हा माणूस रिकामा, हातात चार पैसे आणि रात्र कोरडी, नेमके तेव्हा पात्रात पाणी नसते. आणि पाणी असते तेव्हा माणूस रोप लावणीच्या चिखलात वाकलेला असतो. ओहायोच्या काठी रस्ते वाईट होते आणि नदी हाच रस्ता होता. आमच्याकडे उन्हाळ्यात सगळी माळरानेच रस्ता होत. करमणूक बैलाच्या चालीने जाऊ शकत होती, म्हणून ती बैलाने गेली.

तिसरे कारण नंतरचे आहे, पण पक्के आहे. आमच्या जिल्ह्याचे नाव देशभर ज्या बांधकामाला लागले आहे, तो कोल्हापूर पद्धतीचा बंधारा नावाला वाट देत नाही. पावसाळा सरला की खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवायचे, पाणी अडवायचे, आणि मृगाच्या आधी बरगे काढून नदी मोकळी करायची. शेतीसाठी याहून शहाणी युक्ती नाही. पण अशा बंधाऱ्यांमुळे नदीचे डबक्यामागून डबके होते आणि एका डबक्यातली नाव दुसऱ्यात जात नाही. ओहायोवरही धरणांची माळ आहे, पण प्रत्येक धरणाला पाणी वरखाली करून नाव चढवण्या-उतरवण्याचा दारांचा हौद आहे, कारण ती नदी वाहतुकीसाठी अडवली. आमची उसासाठी अडवली.

म्हणून नदीने आमची करमणूक कुठे नेली नाही. जी केली ती जागेवरच केली. कोल्हापूरच्या माणसाचा पावसाळ्यातला सर्वांत जुना आणि फुकट खेळ म्हणजे पूर बघायला जाणे. राजाराम बंधाऱ्याची पातळी घराघरांत क्रिकेटच्या धावसंख्येसारखी विचारली जाते. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे आकडे शाळकरी पोरालाही पाठ असतात. पाणी घाटाच्या पायऱ्या गिळून रस्त्याकडे सरकले की छत्र्या घेऊन अख्खी कुटुंबे शिवाजी पुलाकडे निघतात, भाजलेली कणसे खातात, "औंदा लई न्हाई" किंवा "औंदा काय खरं न्हाई" असा निकाल देतात आणि घरी जातात. २०१९ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेले, तेव्हा बघायला जाणारेच पाण्यात अडकले, आणि त्यानंतर मला स्वतःला या खेळात पूर्वीची मजा वाटेनाशी झाली.

वाडीला पूर हा उत्सव असतो. कृष्णेचे पाणी उत्तरेच्या दाराने देवळात शिरते, पादुकांवरून जाते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि त्या पाण्यात स्नान करायला रात्री-अपरात्री माणसे धावत येतात. इथे नदी स्वतःच खेळ करायला गावात येते. चॅपमनच्या तुतारीची गरज उरत नाही.

आणि काहील. गुळाचा रस आटवायची ती पसरट, खोल कढई गुऱ्हाळ थंडावले की पावसाळ्यात रिकामी असते. तिला ना पुढचे टोक ना मागचे, त्यामुळे ती सरळ जायच्या ऐवजी स्वतःभोवती गरगरत जाते. तरी पलीकडच्या मळ्यात अडकलेली वैरण तिच्यातून आणायची आमच्या भागात रीत होती. आम्ही पोरांनी तिचा पाळणा केला होता. एकदा तिच्यातून मी आणि चुलतभाऊ नको तितके लांब गेलो आणि त्यानंतर आज्जाने आम्हाला ज्या वैरणीच्या दोरीने मारले, ती दोरी मला अजून ओळखता येईल.

काहिलीच्या वरची पायरी म्हणजे होड्यांच्या शर्यती. सांगली, समडोळी, कसबे डिग्रज, कवठेपिरान, इकडे इचलकरंजी, अशा गावांच्या लांबट, निमुळत्या होड्या पावसाळ्यात पाण्यात उतरतात. ओळीने बसलेली पोरे एका हाकेवर वल्ही पाडतात आणि मागे सुकाणूवरचा माणूस शिव्या आणि देवाचे नाव एकाच दमात घेत असतो. बैलगाडी शर्यतीचा आणि कुस्तीचा जो नाद या मुलखाला आहे, त्याचेच हे पाण्यातले भावंड. यात नाटक नाही, गाणे नाही, तिकीट नाही. पण काठावर जी गर्दी होते, आणि गावाचे नाव ज्या त्वेषाने घेतले जाते, ते पाहिले की नदीकडून आम्हाला काय हवे होते ते कळते. आम्हाला परगावचा खेळ नदीने आणून द्यायला नको होता. आमच्या गावाने शेजारच्या गावाला हरवलेले नदीवर पाहायचे होते.

१९२९ हे साल मला या सगळ्यात चक्रावून टाकते. त्या साली ओहायो संपूर्ण लांबीभर नऊ फूट खोल करण्याचे काम पुरे झाले. ज्या नदीवर उन्हाळ्यात नाटकाच्या नावा गाळात बसत, ती बारमाही वाहती वाट झाली, आणि नेमक्या तेव्हाच प्रेक्षक मोटारीत बसून बोलपट पाहायला शहरात जाऊ लागला होता. त्याच साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. नाटक आणि तमाशा दोघांनाही मागे सारणारा सिनेमाचा डबा आमच्याच गावात तयार होत होता, आणि तो गावोगाव न्यायला नदीही नको होती, बैलही नको होता. एक ट्रक आणि एक तंबू पुरे होता.

उरल्यासुरल्या नावा शहरांच्या धक्क्याला बांधल्या गेल्या. 'गोल्डनरॉड' ही १९०९ साली बांधलेली, सुमारे १,४०० प्रेक्षकांची नाव १९३७ साली सेंट लुईसला कायमची थांबली, १९६७ साली राष्ट्रीय स्मारक झाली, आणि २०१७ साली, मोडकळीला आलेल्या अवस्थेत, जळून गेली. ही शेवटची ओळ मी वाचली तेव्हा तिचे मला फार काही वाटले नव्हते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळताना मी खासबागेच्या बाजूला गर्दीत उभा होतो. शाहू महाराजांनी उभारलेले, १९१५ पासूनचे ते नाट्यगृह; दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. माझ्या शेजारी उभा असलेला एक म्हातारा मेकअपमन काही बोलत नव्हता, नुसता एक एक बोट मोडून त्याने इथे केलेली नाटके मोजत होता. पाण्यावरचे काय आणि जमिनीवरचे काय, जुन्या नाटकगृहात लाकूड फार असते.

गेल्या दत्तजयंतीनंतर दोन दिवसांनी मी वाडीच्या घाटावरून पलीकडे अमरेश्वराच्या दर्शनाला निघालो. आता नावेला मोटार आहे आणि पाच-सात मिनिटांत खेप होते. नावाडी पंचविशीचा होता. मधोमध आल्यावर मी त्याला विचारले, की इथे कुठे पूर्वी वाळूचा उंचवटा होता का, नावा रुतायच्या असा. त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिले.

"आज्जा सांगायचा तसलं काय काय," तो म्हणाला. "पर आता कुठली नाव रुततीया? राजापूरच्या बंधाऱ्याचं पाणी हितंवर तुंबलेलं असतंय. आणि वाळू तर कवाच उपसून गेली, काका."

मी पुढे काही विचारणार होतो, पण मागून दुसरी नाव येत होती, तेव्हा त्याने मोटारीचा वेग वाढवला आणि त्या आवाजात बोलणे राहून गेले.